हमेलीच्या कड्या

पिंगळी, ज्येष्ठ शुद्ध एकादशी, शके १८५९

वन्सं धुरपताबाई यांस,

पिंगळीहून भावजय कोकिळाचा नमस्कार. इकडचं सारं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे. पण क्षेम नाही, म्हणून ते लिहीत नाही.

पत्र टपालानं धाडलं नाही. टपाल वालूरला तुमच्या ओसरीवर पडतं आणि तुमचे सासरे किशनराव ते साऱ्या घराला मोठ्यानं वाचून दाखवतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून कस्तुराबाई कासारणीच्या टोपलीत, बांगड्यांच्या खाली ठेवलं आहे. बांगड्या भरताना घ्या, वाचा आणि चुलीत घाला. भांड्यांवर नावं कोरायला मामंजींना कुणीतरी हाताशी हवं होतं, म्हणून त्यांनी तुम्हाला अक्षरं शिकवली. माझे वडील मास्तर, त्यांनी मला पोथी वाचण्यापुरती शिकवली. आज दोघींचं शिक्षण कामी आलं.

तुमच्या भावाला पोलिसांनी धरून नेलं आहे. सरकारी रुपया खोटा पाडला, असा आरोप आहे.

पोलिसांचे अमीनसाहेब जवान घेऊन सकाळीच आले. पंच म्हणून आपले दिनकरराव पाटील होते. भट्टीजवळची फरशी उचकटून त्यांनी ठशांची जोडी काढली. मामंजींच्या हातची, चारमिनारच्या रुपयाची, तीच. पाटलांनी मान खाली घालून पंचनाम्यावर सही केली. ह्यांनी जाताना एवढंच सांगितलं, "भट्टी इझू दिऊ नको." जशी काही मी दुसऱ्या दिवशी पाटल्या घडवायला बसणार होते!

झालं असं. पोखर्णीला नरसिंहाच्या यात्रेत पेढेवाल्याच्या गल्ल्यात खोटे रुपये निघाले. दगडावर टाकले तर खणकन वाजेनात. ते देणारा आश्रुबा, आपल्या शिवाराच्या पलीकडचा. मार पडताच तो म्हणाला, "चंद्रभान सोनारानं पाडून देल्ते. चालव म्हनला."

साफ खोटं. आश्रुबाच्या लग्नात त्याच्या सासऱ्यानं लेकीला हमेल घातली होती. खऱ्या रुपयांना कड्या डाखून गोफात ओवलेली माळ गरिबाच्या आवाक्यातली नाही, म्हणून त्यानं आपल्याकडून दाखवायची हमेल नेली. आत कथील, वर चांदीचा मुलामा. मांडवात चार माणसांत मान राहावा, एवढ्यापुरती. हे प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतात, "कथील हाय, चांदी न्हाई. मोडायला आनू नका." आश्रुबानं बायकोच्या गळ्यातली ती माळ ओढली, कानशीनं कड्या उडवल्या आणि यात्रेत चालवली. बायको भीतीनं तोंड उघडत नाही.

मी ह्यांना कितीदा म्हटलं होतं की सरकारचा छाप घेऊन खेळू नका. तर म्हणायचे, "कडी लागली की नाणं मेलं. मंग त्यो डाग झाला." डाग म्हणजे दागिना, हे सोनारांना कळतं. अमीनसाहेबांना कोण सांगणार?

परभणीचे व्यंकटराव वकील धरले आहेत. ते म्हणतात, कायदा उलटा आहे. वस्तू नाण्यासारखी दिसली की करणाऱ्याची नियत खोटी असंच धरून चालायचं. खरी होती, हे करणाऱ्यानं दाखवायचं. नाही दाखवलं तर दहा वर्षं, कदाचित जन्मठेपसुद्धा. दाखवायचं कसं, तर ह्याच ठशाची, कड्या शाबूत असलेली एखादी जुनी हमेल अदालतीत आणून.

म्हणून मी पायपीट केली. ज्या ज्या घरी आपली माळ गेली, त्या त्या घरी गेले. एकीनं दार लावून घेतलं. एकीनं माझ्या पायावर डोकं ठेवलं, म्हणाली, "वयनी, सासूला चांदी म्हनून सांगितलंय, माजं घर मोडू नको." एकीनं पोलीस आल्याचं ऐकून माळ विहिरीत टाकली. मी चिडले, मग परतीच्या वाटेवर रडले. त्यांचंही खोटं नाही.

तुम्हाला हे दुःख कळायचं नाही. तुमच्या गळ्यात सोनाराच्या घरची अस्सल हमेल आहे. माझ्या लग्नाच्या मांडवात सासूसकट आलात तेव्हा बायका माझं तोंड सोडून तुमचा गळा बघत होत्या, ते मी विसरले नाही. त्यानंतर आलाच नाहीत. दर पंचमीला तुम्हाला न्यायला मूळ धाडलं, दर वर्षी गाडी रिकामी परत आली. मामंजी गेले, तेव्हाही आला नाहीत. हे पिंडाजवळ बसून वाटेकडं बघत होते. "आक्का येईल," म्हणाले. कावळा शिवला, पण आक्का आली नाही.

ते असो. भांडायला लिहिलं नाही. तुमच्या सासऱ्यांची परभणीच्या आडतीत ऊठबस आहे, मोठ्या माणसांशी ओळख आहे. त्यांना एक शब्द टाकायला सांगा. भाऊ तुमचा आहे, मी तर परक्या घरून आलेली.

कोकिळा

परभणी, ज्येष्ठ अमावास्या

वन्सं,

हे पत्र वकिलांच्या ओसरीवर बसून लिहिते आहे. आज जेलात ह्यांची भेट झाली.

दाढी वाढली आहे, बाकी बरे आहेत. शेजारी एक कारकुनासारखा माणूस आहे. तो वापरलेल्या स्टांपांवरची शाई धुऊन ते पुन्हा विकायचा. तो ह्यांना म्हणतो, "म्या पुसून आत आलो, तू डाखून आलास. सरकारच्या छापाला हात लावायचा न्हाई, मंग त्यो कसाबी असो." त्याला हसू येतं. ह्यांनाही त्याच्या नादानं थोडं येतं.

मी माझ्या पायपिटीचं सांगितलं. म्हटलं, सगळा जिल्हा पालथा घालीन, पण एक माळ आणीन. तर हे गप्प झाले. मला ह्यांची गप्प बसायची तऱ्हा ठाऊक आहे. सोनं कमी भरलं की गिऱ्हाइकापुढं असेच बसतात. मी गजाला धरून उभी राहिले. म्हटलं, काय आहे ते सांगा, नाहीतर इथंच बसते, जवानांनी उचलून टाकलं तरी हलत नाही.

तेव्हा सांगितलं. आता मी ते लिहिते आहे. आधी दार बंद करा.

वन्सं, तुमची हमेल चांदीची नाही.

तुमच्या आईच्या आजारपणात मामंजींनी तुमच्यासाठी साठवलेली चांदी गेली. लग्नाची तारीख तर धरलेली. वालूरकरांनी हमेलीशिवाय मांडवात पाय ठेवणार नाही म्हटलं होतं. मामंजींनी रात्रंदिवस बसून तो ठसा कोरला. तो कोरला तुमच्यासाठीच. गावातल्या बाकीच्या माळा नंतरच्या. एका गरीब बापानं मामंजींच्या पाया पडून मागितली, मग दुसऱ्यानं, आणि तो धंदाच झाला. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा म्हणतात, ते आपल्या घरात शब्दशः खरं झालं. सोनाराच्या लेकीच्या गळ्यात सोनारानंच कथील घातलं आणि कुणाला संशय आला नाही. तुमचं सासर जातीनं सोनार, पण तीन पिढ्या सरकीचा व्यापार करतात, हातोडी कुणी धरलेली नाही. आणि सोनारानं लेकीला घातलेली चांदी व्याह्यानं घासून बघायची म्हणजे व्याह्याच्या तोंडावर थुंकायचं. एक तुमच्या सासूबाई दगडाबाई तेवढ्या जिंतूरच्या भट्टीवर वाढलेल्या. त्यांच्या हाताला वजन कळतं म्हणे.

हे म्हणाले, "आक्काला ठाव न्हाई. तिला कळू द्याचं न्हाई. तिचं घर मोडून मला सुटायचं न्हाई. तुला माज्या गळ्याची आन हाय, कोकिळा."

मी शपथ मोडते आहे. नवऱ्यानं स्वतःचा गळा फासात घालून मला त्याच गळ्याची शपथ घालायची, हे मला मान्य नाही. पाप लागलं तर मला लागू दे.

वकिलांना मी नाव न सांगता विचारलं. म्हटलं, समजा, ठसा कोरणारा मेला आहे, आणि त्यानं स्वतःच्या हातानं केलेली पहिली हमेल कुठंतरी आहे, तर? वकील खुर्चीतून उठले. म्हणाले, "बाई, तशी वस्तू असली तर खटलाच उभा राहत नाही. ठसा दागिन्यासाठी कोरला, हेच सिद्ध होतं. कुठं आहे?" मी सांगितलं नाही. तुमच्या परवानगीशिवाय सांगणार नाही.

ठशाला मिनाराच्या पायाशी केसाएवढी चीर आहे. मामंजींचा हात तिथं सटकला होता. पेढेवाल्याकडच्या रुपयांवर ती चीर आहे. तुमच्या माळेवर आहे का, ते उजेडात धरून बघा. असली तर मी म्हणते ते खरं. एवढी वर्षं गळ्यात घालून तुम्हाला कळलं कसं नाही, हेच मला समजत नाही. मुलामा उडाला की कथलात मिसळलेल्या तांब्यानं गळ्याला हिरवं चढतं. पण तुम्ही मोठ्या घरच्या, ठेवणीतली वस्तू सणावारीच घालत असाल.

वन्सं, मी मागते आहे ते काय आहे, ते मला कळतं. माळ अदालतीत आली की तुमच्या ओसरीपर्यंत गोष्ट जाणारच. दगडाबाई तुम्हाला काय म्हणतील, किशनराव काय करतील, मला सांगता येत नाही. पण दहा वर्षं आणि एक माळ ह्यांत मी माळ मागणार. मला लाज वाटते, तरी मागते.

कोकिळा

पिंगळी, आषाढ शुद्ध द्वादशी

वन्सं,

कस्तुराबाई परत आली. मी तिला ओट्यावर बसवून खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, "धुरपताबाईनं वाचलं, चुलीत घातलं, हात म्होरं केला. म्या बांगड्या भरल्या. हात हालला न्हाई तिचा. येक कांकन बी फुटलं न्हाई. जा म्हनली."

"आणखी काय म्हणाली?" मी विचारलं.

"काय न्हाई. सासू तितंच बसल्याली, ती काय म्हनंल?"

पहिल्यांदा मला राग आला. इतका, की तुमच्या नावानं भांडी आपटली. शेजारच्या कमलबाई धावत आल्या, त्यांना वाटलं भिंत पडली. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं की दगडाबाईंसमोर हात न हलवता असलं पत्र वाचणं सोपं नाही. मला जमलं नसतं. मी तिथंच किंकाळी फोडली असती.

वकिलांना मी दुसरं सुचवून पाहिलं. म्हटलं, मी सोनाराची बायको, दहा वर्षं भट्टी फुंकली आहे. ठसा द्या, अदालतीत त्यांच्यासमोर हमेल करून दाखवते, कडी कशी डाखतात तेही दाखवते. वकील हसले. म्हणाले, "बाई, आज केलेली माळ काय सिद्ध करणार? सरकारी वकील म्हणेल, घ्या, मुल्जिमाची बायकोही नाणी पाडते. तुम्हालाही आत टाकतील." मी म्हटलं, टाकू द्या, निदान दोघं एका गावात राहू. त्यावर ते हसले नाहीत.

आश्रुबाच्या बायकोकडं पुन्हा गेले. तिनं ह्या खेपेला पाणी दिलं. मी निघाले तेव्हा माझा हात धरून ठेवला. एवढंच.

आता ऐका. आषाढ वद्य पंचमीला जिल्हा अदालतीत नाजिमसाहेबांपुढं तारीख आहे. सेलूहून सकाळची गाडी परभणीला वेळेत पोचते. मी हे कळवते आहे, हुकूम करत नाही. आला नाहीत तर मी कुणाला काही सांगणार नाही. वकिलांना नाही, ह्यांना नाही. हे दहा वर्षं आत राहिले तरी तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. सुटकेचा रस्ता मी शोधत राहीन. हैदराबादेपर्यंत जाईन, अपील करीन, भट्टी चालवून पोट भरीन. माझ्या पाटल्या वकिलांच्या फीला गेल्या, हातोडी अजून घरातच आहे. दोन चांगली जोडवी मी परवाच घडवली. गिऱ्हाईक म्हणालं, "चंद्रभानपेक्षा बरी झिलई हाय." ते ह्यांना सांगणार नाही.

एक मात्र सांगून टाकते. तुमच्यावरचा माझा राग हमेलीचा नव्हताच. तुम्ही येत नाही, ह्याचा होता. मला नणंद हवी होती. लग्न होऊन आले त्या घरात सासू नाही, जाऊ नाही. भांडायला तरी कुणी हवं होतं.

कोकिळा

परभणी, आषाढ वद्य पंचमी, संध्याकाळ

वन्सं,

तुम्ही आत्ता सेलूच्या गाडीत असाल. स्टेशनापर्यंत मी मागं धावले, पण तुम्ही वळून पाहिलं नाही. म्हणून जे बोलायचं होतं ते लिहिते. तुम्ही नाजिमसाहेबांकडं तोंड करून उभ्या होतात. मागं काय चाललं होतं ते तुम्हाला दिसलं नाही. ते मी सांगते.

पुकारा झाला तेव्हा सरकारी वकील जवळजवळ जिंकले होते. आश्रुबानं आपलं बयान पाठ म्हणून दाखवलं होतं. दिनकरराव पाटलांनी ठसा आपल्यासमोर निघाल्याचं सांगितलं होतं. आमच्या वकिलांकडं सांगण्यासारखं काही नव्हतं. मी दाराशी बायकांत बसले होते आणि मनात अपिलाचा कागद लिहीत होते. तेवढ्यात दारातून तुम्ही आलात. डोक्यावर पदर, मागं सुग्रीवराव. बायकोला आणून ते बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. मी तुम्हाला ओळखलंच नाही आधी. हमेल ओळखली.

व्यंकटराव वकिलांना तुम्ही म्हणालात, "म्या चंद्रभानची भैन. मला बोलायचं हाय." त्या क्षणी हे पिंजऱ्यात उठून उभे राहिले. ओरडले, "आक्का, न्हाई! वापस जा!" जवानानं खांदा दाबून बसवलं. तुम्हाला ऐकू आलं असणारच. पण ह्यांनी तोंड दोन्ही हातांत लपवलं, ते तुम्हाला दिसलं नाही. मला दिसलं. माझ्याकडं एकदाच पाहिलं. त्या नजरेत काय होतं, ते हे घरी आल्यावर बघीन.

पेशकार तुमचं एकेक वाक्य उर्दूत लिहून घेत होता. तुम्ही माळ काढून मेजावर ठेवलीत. नाजिमसाहेबांनी एक खोटा रुपया आणि तुमच्या माळेतला एक असे शेजारी धरले. दोन्हींवर चीर होती. मग त्यांनी आश्रुबाचा रुपया फिरवून पाहिला. जिथं तुमच्या रुपयाला कडी होती, तिथं त्याला कानशीचा सपाटा होता. बोट फिरवून बघत राहिले कितीतरी वेळ.

पण सरकारी वकील हुशार माणूस. म्हणाले, "ही माळ भावाला वाचवण्यासाठी हल्लीच करवून घेतली नाही, कशावरून? वहिनीनं घडवून दिली नाही, कशावरून?" आणि माझ्याकडं बोट केलं. तुम्ही जराही थांबला नाहीत.

तुम्ही म्हणालात, "कड्या बघा. दोऱ्यानं झिजून केसाएवढ्या राह्यल्यात. हे येका म्हैन्यात व्हत न्हाई."

"कानशीनं घासून झिजवता येतं," सरकारी वकील म्हणाले.

"मंग हे बी लिव्हा, साहेब. लग्नाच्या दुसऱ्या सालापासून म्या मायेराला गेले न्हाई. भावाचं तोंड आज बघायलेय. येकदा बी गेले न्हाई. आमच्या घरी रीत हाय. सुनेनं मायेराला जाताना अंगावरलं समदं सासूपाशी ठिवून जायाचं. माजी सासू सोनाराची लेक. हमेल हातात घेतली आस्ती तर तिला वजन कळलं आस्तं. म्हनून म्या ती गळ्यातून काढलीच न्हाई. पंचमीला मूळ यायचं, म्या जात न्हाई म्हनायचे. बाप मेला. सासू म्हनली, सुतकात डाग कशाला, काढून ठिव नि जा. म्या न्हाई गेले."



नाजिमसाहेबांनी पेशकाराकडून विचारलं, "खोटी आहे हे कधी कळलं?"

"पयल्याच साली. गळा हिरवा पडला. चिंचंनं घासून काढत व्हते."

"बापाला विचारलं नाही?"

"त्यानं डोळे पुसत घातली व्हती. त्याला काय इचारू?"

वन्सं, मी तुम्हाला मोठ्या घरची म्हणून टोमणे मारले. मामंजी गेले तेव्हा आला नाहीत म्हणून किती वर्षं बोलत राहिले. आणि तुम्ही बापाची लाज राखायला बापाच्या मातीला मुकलात. मी दाराशी बसून मोठ्यानं रडले, इतकी की जवान म्हणाला, बाई, बाहेर जा. मी गेले नाही.

मग नाजिमसाहेबांनी पाटलांना पुन्हा उभं केलं. सरकारचाच साक्षीदार. "ही बाई माहेरी येत नव्हती, हे खरं?" दिनकररावांनी पागोटं सारखं केलं. म्हणाले, "खरं हाय, सरकार. दर पंचमीला मुळाच्या गाडीला बैल मीच देतो. गाडी रिकामी यायची. सारा गाव बघायचा. तिचा बाप बन्सीधर वारला तवाबी आली न्हाई, लोकांनी लय नावं ठिवली." ज्या रिकाम्या गाडीला मी शिव्या घातल्या, तीच आज कामाला आली.

माळ सरकारी मुद्देमालात ठेवली. तुम्ही मोकळ्या गळ्यानं बाहेर पडलात. सुग्रीवराव उठले आणि तुमच्या पुढं चालू लागले. मी हाका मारल्या. तुम्ही पदर पुढं ओढून घेतलात. मला माहीत आहे तुम्ही कुठं निघाला होतात. सासूसमोर स्वतःच्या तोंडानं सांगायला, बातमी पोचायच्या आधी.

निकाल पुढच्या तारखेला. मी इथंच राहते.

कोकिळा

पिंगळी, आषाढ अमावास्या, दिव्याची अवस

वन्सं,

तुमचे भाऊ घरी आले.

नाजिमसाहेबांनी लिहिलं, ठसा दागिन्यासाठी कोरला, नाणं चालवायची नियत शाबित होत नाही. ठसा सरकारजमा, तो फोडायचा, आणि अशा माळा पुन्हा करायच्या नाहीत. आश्रुबाला शिक्षा झाली. त्याची बायको आपल्या भावाकडं गेली. जाताना आपल्या दारावरून गेली आणि माझ्याकडं बघून हसली.

हे आल्या आल्या भट्टीपाशी गेले. भट्टी पेटलेली होती. माझी जोडवी उचलून बघितली. "कुनी केली?" म्हणाले. मी म्हटलं, उंदरांनी. मग दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, शपथ मोडली म्हणून. तिसऱ्या दिवशी ताटावर बसले तेव्हा म्हणाले, "आक्काचा गळा बघितलास? मोकळा." आणि जेवण तसंच ठेवून उठले. आता म्हणतात, खरी हमेल करून धाडतो, वर्षभर उपाशी राहीन. मी नको म्हटलं. मी तुमच्या वतीनं नको म्हटलं, चुकलं असलं तर सांगा. तुमच्या गळ्यात आता कुणी काही घालू नये असं मला वाटतं. बापानं नाही, भावानं नाही, सासऱ्यानंही नाही.

काल कस्तुराबाई वालूरहून आली. म्हणाली, किशनराव ओसरीवर बसत नाहीत. लोक विचारतात म्हणून आत बसतात. सुग्रीवराव बापाला म्हणाले, "तिला काई बोलू नका, मला बोला." दगडाबाई तुमच्याशी बोलत नाहीत, पण ताट वाढून ठेवतात. कस्तुराबाईनं मुद्दाम त्यांना विचारलं, आता सुनेला माहेरी धाडणार का? त्या हात पुढं करून बांगड्या भरून घेत होत्या. म्हणाल्या, "मायेराला जायाचं आसंल तर जाऊ दे. पर रीत ती रीत. अंगावरलं समदं माज्यापाशी ठिवून जायाचं."

कस्तुराबाईला ते टोचलं. मला तसं वाटलं नाही. त्या भट्टीवर वाढलेल्या बाईनं इतकी वर्षं रोज तुमच्या गळ्याकडं पाहिलं आणि माळ एकदाही हातात घेऊन बघितली नाही, तिला सारं आधीच कळलं होतं का, ह्याचा मी रात्रभर विचार करते आहे. तुम्हीच काय ते जाणा.

उद्यापासून श्रावण. पंचमीच्या आदल्या दिवशी दिनकररावांची बैलजोडी जुंपून तुमचे भाऊ स्वतः वालूरला येतील, तुमच्या ओसरीसमोर गाडी उभी करतील. ह्या खेपेला हे पत्र टपालानं धाडते आहे. किशनरावांनी मोठ्यानं वाचावं, साऱ्या घरानं ऐकावं.

मामंजींचे पाट अजून भट्टीजवळ मांडलेले असतात. तुम्ही नावं कोरायला बसायचात तो पाट कुणाला देत नाही. ह्यांनी काल तो धुऊन ठेवला. पुरणाची डाळ मी निवडली आहे. भांडणही बरंच साठलं आहे, ते समोरासमोर करू.

सासूबाईंची रीत पाळा, वन्सं. अंगावरचं सगळं त्यांच्यापाशी ठेवा आणि निघा. आता तुमच्याकडं लपवायचं काही नाही.

कोकिळा